एक कथा, एक राग

तिरुक्करुगावूरची गर्भरक्षांबिका ही अपुऱ्याची राखण करणारी देवता. वेदिकेचा गळालेला गर्भ तिने कुंभात जपला आणि पूर्ण दिवसांचे मूल मातेच्या हाती दिले, असे क्षेत्रमाहात्म्य सांगते. याच तंजावर मुलखात मराठीचेही एक अपत्य कुंभात राहिले आहे.

दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी नृत्यासाठी मराठी ‘निरूपणे’ रचली. जयजय, शरणु, अलारू, शब्द, वर्ण, पद असे रचनाप्रकार पालटत जातात. कथा मात्र एकच, आणि आरंभापासून मंगलापर्यंत राग व तालही एकच.

अखंड कथा गाण्याची ही ओढ एका देशाची नव्हे. राजे जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या छायेत वाढले. त्या जर्मनांच्या देशातील ‘ब्लाइंड गार्डियन’ या पॉवर मेटल वाद्यवृंदाने १९९८ साली ‘नाइटफॉल इन मिडल-अर्थ’ ही टोल्कीनच्या ‘द सिल्मरिलियन’वर आधारलेली गीतमालिका काढली. गीतांच्या मधे निवेदनाचे तुकडे गुंफून त्यांनी कथेचा धागा तुटू दिला नाही. ध्वनिमुद्रणामुळे ती आजही सलग ऐकता येते.

निरूपणांना तो आधार नव्हता. भरतनाट्यमच्या प्रचलित क्रमात त्यांतले काही प्रकार उरले. पण राग रचनेगणिक बदलला आणि कथेची एकसंधता सुटली. सरस्वती महाल ग्रंथालयाने शब्द जपले, हे ऋण मोठे. तरी निरूपण हे केवळ वाचायचे साहित्य नव्हे. पहिल्या जयजयपासून मंगलापर्यंत तोच राग न सोडता कोणी गाते, कोणी नाचते, तेव्हाच त्याचे दिवस भरतात.