पेरांवरची तसबीह

नागपुरात जिक्र, म्हणजे अल्लाहचं नामस्मरण, म्हटलं की लोकांना आधी ताजबाग आठवतो, आणि ते साहजिकच आहे. १८६१ साली जन्मलेले कामठीचे ताजुद्दीन बाबा पलटणीच्या नोकरीत सागरला होते, तेव्हा दिवसाची चाकरी आटोपून दाऊद मक्कींच्या दर्ग्यात रात्ररात्र बसायचे, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे नोकरी सुटली. वेडा ठरवून त्यांना पागलखान्यात ठेवलं गेलं. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याला आपल्या वाड्यात आणलं. १९२५ साली बाबा गेले. उमरेड रोडवर ताजबागेतल्या त्यांच्या दर्ग्यात आजही सगळ्या जातीधर्मांची माणसं डोकं टेकवतात, मीही टेकवतो. पण घरदार सोडून त्या एका नावात बुडून जाणं हजारांत एखाद्यालाच जमतं. ज्यांना पहाटे उठून पुन्हा कामाला लागायचं असतं, त्यांची रात्रीची इबादत मला जास्त जवळची वाटते.

माझी दादी कामठीच्या मोमीन विणकरांच्या घरातली. दिवसभर चरख्यावर कांड्या भरायची. सूत सारखं एकाच जागी घासून तिच्या तर्जनीला बारीक चर पडला होता. मे महिन्यात गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणं पडत, इशाची नमाज होई, आणि ती आडवी होऊन कुरआनातली सूरह मुल्क म्हणू लागे. तीस आयती, सगळ्या तोंडपाठ. मग आयतुल कुर्सी, ‘कुल’ने सुरू होणाऱ्या तीन छोट्या सूरा. ओंजळीत फुंकर मारून ती हात आधी स्वतःच्या आणि मग आमच्या अंगावरून फिरवायची. शेवटी तसबीह, म्हणजे मोजून केलेला जप. मण्यांची माळ घरात होती, पण ती मोजायची बोटांच्या पेरांवर, त्याच चर पडलेल्या बोटापासून सुरुवात करून. सुब्हानल्लाह ३३ वेळा, अल्हम्दुलिल्लाह ३३ वेळा, अल्लाहु अकबर ३४ वेळा. मधेच झोप लागली तर लागली. त्याची तिला कधी खंत वाटली नाही.

या तसबीहला बीबी फातिमांचं नाव आहे, आणि तिच्या मुळाशी जातं आहे. दळून दळून फातिमांच्या हातांना घट्टे पडले होते. मदतीला कोणी माणूस मिळावा म्हणून त्या वडिलांकडे, पैगंबरांकडे गेल्या. भेट झाली नाही. रात्री पैगंबर स्वतः लेकीच्या घरी आले. ती आणि तिचे पती अली अंथरुणावरून उठू लागले, तेव्हा ‘राहू द्या’ म्हणून ते दोघांच्या मधे बसले. त्यांच्या पावलांचा गारवा छातीला जाणवला, इतकं बारीक अलींच्या लक्षात राहिलं. चाकर मिळाला नाही. झोपण्याआधी म्हणायला हे शब्द मिळाले, चाकरापेक्षा हे बरे असं सांगून. एका कथनात नकाराचं कारणही येतं: मशिदीच्या सुफ्फ्यावर, म्हणजे ओट्यावर, राहणारे गोरगरीब उपाशी असताना लेकीला आधी कसं द्यायचं? अलींनी ही तसबीह पुढे कधी चुकवली नाही. सिफ्फीनच्या लढाईच्या रात्रीही नाही का, असं कोणी विचारलं, तर त्या रात्रीही नाही, म्हणाले.

काम आणि स्मरण यांचं हे नातं दख्खनच्या सूफींना नेमकं उमगलं होतं. विजापूरकडच्या चिश्ती परंपरेत दख्खनी भाषेतले चक्कीनामे आणि चरखानामे आहेत: बायांनी दळताना, सूत कातताना म्हणायची गाणी, जात्याच्या फेऱ्याला अल्लाहचं स्मरण जोडणारी. जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ती परकी वाटणार नाहीत. अवघड तत्त्वज्ञान ग्रंथात न ठेवता ज्यांच्या हाताला काम होतं त्यांच्या ओठावर ठेवायचं, हे मला या मुलखातल्या सूफींचं सर्वांत मोठं काम वाटतं.

एक गोष्ट मात्र बोलायला हवी. फातिमांची ही कथा बायकांना ऐकवून ‘सब्र करा’ म्हणणारे पुरुष मी पाहिले आहेत. त्यांनी पैगंबरांच्या पत्नी आयेशांनी सांगितलेली हदीसही वाचावी. पैगंबर घरी काय करत, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. तेव्हा आज रात्री तसबीह म्हणायला बसण्याआधी आपापल्या घरी स्वयंपाकघरात डोकावून बघा, काम कुणाचं उरलंय ते. ते हातावेगळं करून मग दोघांनी मिळून म्हणा.