गळू आणि धावरे

अपघात विभागात येणारा प्रत्येक जण अपघात होऊनच येतो, असे नाही. आमच्या बेळगावच्या बाजूला भाताची लावण सुरू झाली की थोड्याच दिवसांत सुजलेले पाय येऊ लागतात. दिवसदिवस पाण्यात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्या चिरांतून जंतू आत शिरतात. पाय तांबडालाल, गरम, ठणकणारा. मावशी म्हणतात, "डॉक्टर, जरा भारी इंजेक्शन मारा की!" शेजारच्या बाकावरचे कन्नड अज्जा म्हणतात, "चलो औषध कोडरी." भाषा दोन, मागणी एकच. या मागणीपुढे मी वर्षानुवर्षे उभा राहिलो आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे लिहितो.

कातडीच्या या दुखण्यांना आपल्या जुन्या माणसांनी दोन वेगळी नावे देऊन ठेवली आहेत. पू धरून फुगते ते गळू, कन्नडमध्ये कुरु. पू न धरता लाली पसरत जाते ते धावरे. त्याचाच खोलवरचा भाऊ म्हणजे सेल्युलायटिस. वैद्यकाची आजची पुस्तकेही आधी हाच भेद करायला सांगतात, कारण औषध त्यावर ठरते. गळवात बहुधा स्टॅफिलोकोकस सापडतो, धावऱ्यात बहुधा स्ट्रेप्टोकोकस.

गळवाचे खरे औषध म्हणजे चीर देऊन पू काढणे. साचलेल्या पुवात गोळीचा जोर चालत नाही. अमेरिकेतील पाच इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत बाराशेंवर रुग्णांची गळवे कापून काहींना को-ट्रायमोक्साझोल आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली गेली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पहिल्या गटात शंभरांतले सुमारे ८१ बरे झाले, दुसऱ्यात सुमारे ७४. गोळीने हात दिला खरा, पण मोठे काम सुरीचेच.

धावऱ्याचे उलट. तिथे कापायला काहीच नसते, गोळीवरच भिस्त. पण ती सेफालेक्सिनसारखी जुनी, स्वस्त गोळी. तिच्या जोडीला को-ट्रायमोक्साझोल देऊनही ठोस फायदा दिसला नाही, असे २०१७ च्या अभ्यासात आढळले. उतार पडत असेल तर साध्या दुखण्याला बहुधा पाच दिवस पुरतात. मी लालीच्या कडेने पेनाची रेघ ओढून देतो, पाय उशीवर उंच ठेवायला सांगतो आणि चिखल्यांसाठी मलम लिहितो. मलम राहिले, तर पुढच्या पावसाळ्यात तोच पाय पुन्हा येतो.

भारी औषधाचीही वेळ असते. दिसते त्याहून वेदना फार, हुडहुडी, बडबड, कातडी काळवंडणे, फोड येणे, यांतले काही दिसले की शिरेतून जोरदार औषधे सुरू करायची आणि सर्जनला तिथल्या तिथे बोलवायचे. साखरेचा आजार असलेल्यांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

मग सगळ्यांनाच भारी का देत नाही? ऑक्सफर्डमध्ये १९४१ साली एका पोलीस शिपायाच्या चेहऱ्यावरच्या जखमेतून जंतू अंगभर पसरले होते. पेनिसिलिनने तो सुधारू लागला. त्याच्या लघवीतून औषध परत मिळवून पुन्हा टोचले, तरी साठा संपला आणि तो गेला. आज साठा दुकानात भरपूर असतो. संपतो तो औषधाचा गुण. मेथिसिलिन येऊन एक-दोन वर्षे होतात न होतात, तोच १९६१ साली ब्रिटनमध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस सापडला. आज तो आपल्याकडेही आहे. राखून ठेवलेले औषध साध्या पायावर उधळले, तर उद्या खऱ्या गरजेच्या वेळी डॉक्टरचा हात रिकामा राहील.

दिवाळीच्या आवराआवरीत औषधांचा डबा निघतोच. त्यात अर्धवट उरलेली पाकिटे असतील. ती शेजारच्या काकांच्या पायासाठी देऊ नका. काकांना घेऊन या. गळू आहे की धावरे, ते पाहून ठरवू.