मोडीत काढण्यापूर्वी

सांगलीतील आमच्या भांड्यांच्या दुकानात दसऱ्याआधी माळा रिकामा करण्याची रीत आहे. न खपलेला माल खाली येतो, फाटकी खोकी बाहेर जातात आणि गिऱ्हाइकांनी मोड म्हणून दिलेली तांब्या-पितळेची जुनी भांडी वेगळी काढली जातात. माझे सासरे अण्णा या कामात एक नियम कटाक्षाने पाळतात. मोडीत जाणारे प्रत्येक भांडे उजेडात धरून ते त्यावर कोरलेले नाव वाचतात. नाव ओळखीचे निघाले, तर त्या घरी निरोप जातो, ‘तुमच्या आईंच्या नावाची कळशी आली आहे; खरोखरच द्यायची आहे ना?’ एखादी कळशी अशी परतही गेली आहे.

गेल्या वर्षी माळ्याच्या जोडीला आणखी एक अडगळ आवरण्याची वेळ आली. दुकानाचे संकेतस्थळ ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे, तिची सूचना आली की जागा आणि फाइलींची संख्या, दोन्ही मर्यादेला टेकली आहेत. हिशेब व संकेतस्थळ माझ्याकडे असल्यामुळे हे कामही माझ्याकडेच आले.

आत डोकावले तेव्हा जुन्या वाड्यात थरावर थर निघावेत तसे झाले. सर्वांत खाली २००९ सालचे पहिले संकेतस्थळ होते. त्याच्या दर्शनी पानावर तेवणारी समई होती. ती फ्लॅश या तंत्रावर चाले. २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार बंद झाला, म्हणजे ती समई आता नेहमीच्या ब्राउझरमध्ये पेटणार नव्हती. फाइल मात्र जागच्या जागी होती. त्यावर २०१४ मध्ये वर्डप्रेसवर केलेले दुसरे संकेतस्थळ, त्याच्या पोटात २०१८ चा एक अर्धवट प्रयोग. व्हॅटच्या काळातील दरपत्रके, २०१६ च्या नोटाबंदीतील सूचना, ‘नवे’, ‘नवे-२’, ‘फायनल’ आणि ‘फायनल-नक्की’ अशा नावांची पाने. कामे करणारी मुले बदलत गेली आणि प्रत्येकाने आधीच्याचे काढण्यापेक्षा आपले वर रचणे पसंत केले.

मी उत्साहाने कामाला लागले. पुण्यातील माझ्या मुलाने फोनवर एकच अट घातली होती, ‘आई, आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घे.’ ती मी घेतली, हे आमचे नशीब. कारण त्यानंतर माझी कसोटी फार सोपी होती. ज्या फाइलीकडे आमच्या चालू पानांपैकी एकही पान नेत नाही, ती निरुपयोगी. दोन संध्याकाळी मी शेकडो फाइली पुसल्या आणि दिवाळी निर्धास्त पार पडली.

तुळशीच्या लग्नानंतर मिरजेहून एका बाईंचा फोन आला. ‘तुमची संसाराच्या भांड्यांची यादी उघडत नाही हो. मुलीचे लग्न ठरले आहे.’ मला प्रथम कळेचना. मग उलगडा झाला. अनेक वर्षांपूर्वी अण्णांनी सांगून एक यादी करून घेतली होती. लग्नात मुलीला काय काय द्यावे, पातेली किती मापांची असावीत, परात केवढी, तांब्या-भांड्याचे जोड किती, हे सारे एका पानावर होते. तिचा क्यूआर कोड आमच्या कापडी पिशव्यांवर छापलेला होता. संकेतस्थळाच्या एकाही पानावरून तिकडे वाट नव्हती, पण घरोघरी खुंटीला टांगलेल्या पिशव्यांवरून होती. त्या बाईंनी थोरलीच्या लग्नात हीच यादी वापरली होती. डिस्कवरून ती फाइल काढून मी पुन्हा जागेवर ठेवली तेव्हा मला खरोखर लाज वाटली. फाइल निरुपयोगी आहे की नाही हे मी आमच्या घरात बसून ठरवले होते. दारावर कोण येते ते पाहिलेच नव्हते.

वास्तविक ते पाहण्याची सोय असते. सर्व्हरवर एक नोंदवही आपोआप लिहिली जाते. कोणत्या दिवशी कोणती फाइल मागितली गेली, ते तीत असते. ती नोंदवही घेऊन मी दुसऱ्यांदा सुरुवात केली आणि या वेळी साध्या वहीत तीन रकाने आखले, ठेवायचे, काढायचे, विचारायचे. काढायच्या फाइली लगेच न पुसता बाहेरच्यांना न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये महिनाभर हलवून ठेवल्या. जी पाने गेली पण ज्यांची जागा नव्या पानांनी घेतली, त्यांच्या जुन्या पत्त्यावरून नव्याकडे जाण्याची कायमची वाट घालून दिली. एकाच फोटोच्या पाच-सहा लहानमोठ्या प्रती मात्र तशाच ठेवल्या. त्या वर्डप्रेस स्वतः करते, मोबाइलच्या छोट्या पडद्याला लहान प्रत पुरते म्हणून. उलट बंद करून ठेवलेली जुनी प्लगिने पूर्णपणे काढली; ती बंद असली तरी त्यांतील उणिवा चोराला आत शिरण्यास पुरतात.

या दुसऱ्या फेरीत २०१५ च्या बॅकअपमध्ये एक तक्ता सापडला. उघडला आणि हात थांबला. ती आमची उधारीची यादी होती. नावे, गावे, फोन क्रमांक आणि पुढे बाकी. संकेतस्थळ एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवताना कोणीतरी दुकानाच्या संगणकावरचे सगळेच फोल्डर चढवले असावे. पत्ता ठाऊक असलेल्या कोणालाही ती यादी जगाच्या कोणत्याही टोकावरून उघडता आली असती.

फाइल तत्क्षणी आड केली आणि यादी छापून अण्णांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला, मोडीतले भांडे धरावे तसा कागद उजेडात धरला आणि एकेक नाव वाचू लागले. एका नावावर त्यांचे बोट थांबले. ‘हे तर गेले. त्यांच्या मुलाने त्याच वर्षी पैन्‌पै आणून दिली. आपल्या वहीत खाते चुकते आहे आणि इथे हा माणूस अजून थकबाकीदार आहे.’

मी म्हटले, ‘अण्णा, नोंदवहीत पाहिले मी. कोणीही ती उघडलेली नाही.’

‘किती दिवसांची नोंद आहे?’

‘दोन महिन्यांची.’

‘आणि यादी किती वर्षे पडून होती?’

मी गप्प राहिले. अण्णा म्हणाले, ‘कोणाची उधारी किती, हे गादीवर बसलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाही कळू द्यायचे नसते. फाइल पुस. पण त्याआधी ज्यांचे फोन लागतील त्यांना सांगायला हवे.’

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेला केंद्रीय कायदाही सांगतो की, ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपले आणि दुसऱ्या कायद्याने ती राखणे आवश्यक नसेल, तर ती पुसून टाकावी. जीएसटीसाठी हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. पण त्यांची जागा कपाटात, चव्हाट्यावर नव्हे. अण्णांनी कायदा विचारला नाही. त्यांनी वहीशी ताळा करून पाहिला आणि तीन दिवस दुपारी स्वतः फोन केले. बरेच क्रमांक बदललेले होते. काही जण हसले, एकजण रागावला. अण्णांनी त्याचे शांतपणे ऐकून घेतले.

त्या दिवंगत गृहस्थांच्या मुलाला फोन लागला तेव्हा मी शेजारीच होते. अण्णांनी सारे सांगून माफी मागितली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, ‘अण्णा, शेवटच्या आजारपणात बाबांनी दोनदा विचारले होते, भांडीवाल्यांचे खाते मिटवलेस ना म्हणून.’

त्या संध्याकाळी ती फाइल पुसली, आणि डिस्कवरच्या प्रतीतूनही काढली. आता आमच्या दसऱ्याच्या कामांच्या यादीत माळ्याखाली संकेतस्थळाचीही ओळ आहे. वहीत प्रत्येक फोल्डरपुढे ते कोणासाठी आहे, हे एका वाक्यात लिहून ठेवले आहे. जिथे ते वाक्य मला सुचत नाही, ते फोल्डर ‘विचारायचे’ या रकान्यात जाते, आणि दुपारचा चहा झाला की मी ती वही घेऊन अण्णांकडे जाते.