कानी पडणे व ऐकणे

मांडवीच्या किनाऱ्यावर लाटांचा नाद सर्वांच्याच कानी पडतो. परंतु कानी पडणे निराळे व ऐकणे निराळे. हा भेद ज्यांच्यामुळे आम्हांस उमगला, ते संगीतसमीक्षक केशवराव भोळे (१८९६–१९७७) होत. ‘एकलव्य’ या टोपणनावाने ते गायकांच्या गायनाचे परीक्षण लिहीत असत.

परंतु इतरांचे गुणदोष दाखवून ते स्वस्थ बसले नाहीत. स्वतः संगीत देऊन लोकांच्या परीक्षेस उभे राहिले. १९३३ सालचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक व १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ हा बोलपट यांस त्यांचेच संगीत होते. १९३७ साली शांतारामांनी दिग्दर्शित केलेल्या ‘कुंकू’तही गीते त्यांच्याच चालींची, मात्र पार्श्वसंगीत मुळीच नव्हते, प्रसंगातील स्वाभाविक आवाजांवरच भिस्त होती. वाद्यांनी कोठे मौन धरावे, हेही संगीतच होय.

शाळेच्या संमेलनात एखाद्याचा सूर चुकला की मागे हशा पिकतो, आणि पुढील वर्षी तो मुलगा गावयास उभा राहत नाही. विद्यार्थ्यांनो, हसणे म्हणजे टीका नव्हे. गाणे पुरते ऐकावे, चूक प्रेमाने सांगावी, आणि मग स्वतः उभे राहून गावे. देवाने दिलेल्या कानांचे सार्थक यातच आहे.