बाबा आणि खडखडणारा डबा

परवा बाबा जवळजवळ दोन वर्षांनी रेडिओवर बोलले. त्याचीच ही गोष्ट.

बाबा जुने हॅम. पण हाताला कंप सुटल्यापासून अँटेना ट्यूनरची बटणं त्यांना फिरवता येईनात. रेडिओला पुढे 50 ओहमचा भार लागतो. आमच्या गच्चीवरची तार जेमतेम 7 मीटर, आणि 7 मेगाहर्ट्झवर पाव लहरीला 10 मीटरच्या आसपास तार हवी. तोकडी तार कपॅसिटरसारखी वागते आणि पाठवलेली शक्ती बरीचशी परत फिरते. भिंतीला बांधलेल्या दोरीला झटका दिला की लहर माघारी येते ना, तसंच. मग कॉइल घालून तो परिणाम मारायचा आणि उरलेला रोध 50 ओहमवर आणायचा. ही सगळी कसरत बाबा काट्याकडे बघत बोटांनी करायचे.

म्हणून मी ऑटोमॅटिक कपलर आणला. आत 7 कॉइल आणि 7 कपॅसिटर, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट. रिले त्यांना जोडतात-सोडतात. कपॅसिटर कॉइलच्या अलीकडे की पलीकडे, हेही तेच बदलतात. एकूण 32,768 जुळण्या! आतला छोटा प्रोसेसर गेलेली आणि परत आलेली शक्ती मोजत त्यातली योग्य ती हुडकतो, आणि लक्षातही ठेवतो. खडखड खडखड... काही सेकंदांत काटा 1:1 वर. मी खूश!

बाबांनी साद घातली. उत्तर नाही. पुन्हा घातली. शुकशुकाट.

"काटा तर बरोबर आहे की," मी म्हटलं.

"अरे, काटा रेडिओ आणि डब्याच्या मधलं सांगतो. डब्याच्या पुढे काय चाललंय, ते कोण सांगणार?"

खरंच की. डबा टेबलावर, तार गच्चीवर, मध्ये 30 मीटर केबल. तार होती तशीच होती. केबलमध्ये लहर मागेपुढे होतच होती आणि प्रत्येक फेरीत थोडी शक्ती केबल तापवण्यात जात होती. रेडिओला तेवढं त्याचं काही कळत नव्हतं.

रविवारी डबा गच्चीवर नेला. तारेच्या अगदी बुडाशी, टाकीच्या आडोशाला. अर्थिंगची तारही नीट जोडली. जहाजांवर कपलर असाच अँटेनाच्या पायथ्याशी बसवतात. बाबांना जिना चढवत नाही, ते खालून फोनवर सूचना देत होते.

संध्याकाळी नागपूरच्या काकांचा आवाज आला. "अहो, आहात कुठे तुम्ही इतके दिवस?" बाबा क्षणभर काही बोललेच नाहीत.

डबा आणताना वाटलं होतं, आता बाबांचं काम हा करेल. बोटांचं करतो खरा. पण तो ठेवायचा कुठे, हे त्यांनाच विचारावं लागलं.

असो. हल्ली रोज संध्याकाळी बाबा रेडिओसमोर बसले की आई हसून म्हणते, "लागले तुझे बाबा!"