बस्तीची भांडी आणि इथाकाची गाडी



आमच्या गावच्या बस्तीत पितळेची मोठी भांडी आहेत. हंडे, पराती, शंभर माणसांचा भात शिजेल अशी पातेली. कुणाकडे लग्न-बारसं निघालं की वहीत नाव लिहायचं, भांडी न्यायची, चिंच लावून लख्ख घासायची आणि मोजून परत ठेवायची. कल्हई-डागडुजीसाठी थोडे पैसे द्यायचे. सासूबाई म्हणायच्या, "वर्षातून एकदा लागणाऱ्या हंड्यासाठी घरात जागा कशाला अडवायची?"

अमेरिकेत लेकीकडे गेले तेव्हा हीच रीत मला मोटारीच्या बाबतीत दिसली.

लेक न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावात राहते. कॉर्नेल विद्यापीठ टेकडीवर, बाजार खाली आणि पलीकडे लांबलचक केयूगा तळं. चढ असे की माझे गुडघे बोलायला लागायचे. कामावर जायला बस पुरते. पण बर्फात दहा किलो कणीक आणि डाळी घेऊन चढ कोण चढणार? २०१९ साली पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं, "अगं, तुझी गाडी कुठाय?"

"आहे की कोपऱ्यावर. फक्त माझी एकटीची नाही."

त्या सेवेचं नाव 'इथाका कारशेअर'. २००८ पासून चालणारी, नफा न कमावणारी तिथलीच संस्था. सभासद व्हायचं, तासांच्या हिशेबाने गाडी राखून ठेवायची, काम झालं की त्याच जागी आणून लावायची. पेट्रोल आणि विमा भाड्यातच. टाकी अगदी रिकामी करून ठेवायची नाही आणि वेळ चुकवायची नाही, कारण पुढचा माणूस वाट बघत असतो. लेक घड्याळाकडे बघत बाजार उरकायची. मला तर ते सोयीचंच, सूर्यास्ताआधी जेवायला घरी!

खालच्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहायच्या. त्यांची बहीण दूरच्या एका गावात वृद्धाश्रमात होती. दर रविवारी त्या दोन-तीन तासांसाठी गाडी घेऊन तिला भेटून यायच्या. स्वतःची गाडी पाळणं त्यांच्या पेन्शनीत बसत नव्हतं. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी संस्थेची वेगळी, स्वस्त योजना होती. मला वाटतं, स्थानिक आणि बिननफ्याची असण्याचा खरा फायदा हाच. मोठी कंपनी गाडी कुठे जास्त कमावेल ते बघते. गावची संस्था कुणाचं अडतंय तेही बघू शकते.

२०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा गेले, तर कोपऱ्यावरची जागा रिकामी. मे महिन्यात सेवा थांबली होती. विमा द्यायला कुणी तयार नव्हतं. बिननफ्याच्या संस्थांनी मिळून उभारलेला एक विमागट तयार होता, पण न्यूयॉर्कच्या कायद्यात त्याला जागा नव्हती. त्याच राज्यातल्या बफेलो शहरातली अशीच संस्था २०१५ साली विम्यापायीच बंद पडली होती.

खालच्या बाई आता महिन्यातून एकदा, कुणी नेलं तर जायच्या. "बहीण दर रविवारी खिडकीशी बसते," एवढंच म्हणाल्या. मला काय बोलावं सुचलं नाही. त्यांना वरण-भात नेऊन दिला.

लेकीने नाइलाजाने जुनी गाडी घेतली. थोडे पैसे आम्हीच दिले. मग हप्ता, विमा, टायर, बर्फ खरवडणं. आणि आठवड्यातले पाच दिवस गाडी नुसती उभी. बर्कलेच्या संशोधकांनी २०१० च्या सुमारास उत्तर अमेरिकेतल्या सभासदांची पाहणी करून हिशेब मांडला होता की अशी एक सामाईक गाडी साधारण नऊ ते तेरा खाजगी गाड्यांची गरज कमी करते. त्या उन्हाळ्यात मी हा हिशेब उलटा घडताना पाहिला. एक गाडी गेली आणि त्या गल्लीतच तीन नव्या आल्या.

पण गाव गप्प बसलं नाही. संस्थेच्या लोकांनी आणि सभासदांनी कायदा बदलावा म्हणून पाठपुरावा केला. खालच्या बाईंनीही आमदारांना पत्र लिहिलं. मी शेजारी बसून चहा पीत होते. कायदा बदलला आणि २०२४ साली गाड्या परत रस्त्यावर आल्या. लेकीने आपली गाडी विकून टाकली. फोनवर म्हणाली, "आई, सुटले गं." आणि बाईंचा रविवार पुन्हा सुरू झाला, हेही तिनेच सांगितलं.

आता माझ्या घरचं सांगते. आमच्या अंगणात दोन गाड्या आहेत. एक महिन्यातून चारदा निघते, बाकी दिवस तिच्यावर कव्हर. पर्युषणात परिग्रह-परिमाणावर प्रवचन ऐकताना मला दरवेळी साड्यांचं कपाटच आठवायचं. यंदा ती कव्हरखालची गाडी आठवली. यांना म्हटलं, विकूया. हे म्हणाले, "आणि अचानक लागली तर?"

प्रश्न खोटा नाही. आमच्या गावात इथाकासारखी सोय नाही, रात्री दवाखान्यात जायचं झालं तर काय करणार? सोय असल्याशिवाय सोडणं सोपं नसतं, हे मी त्या रिकाम्या कोपऱ्यावरच शिकले. म्हणून तूर्त एवढंच ठरवलंय: शेजारच्या आजींचा दर आठवड्याचा डायलिसिसचा फेरा आमच्या दुसऱ्या गाडीतून. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगली आहे.

बस्तीची भांडीसुद्धा कधीतरी कुणाच्या तरी घरातूनच आली असतील ना?