बुटक्या गाडीतून राजहंसगडाला

येळ्ळूरचा राजहंसगड आम्हा बेळगावकरांना नवा नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर उठावे, वडगाव मागे टाकावे आणि येळ्ळूरच्या काळ्या शिवारातून गडाकडे निघावे, हा अनेकांचा नेमच आहे. 2023 साली गडावर शिवरायांचा भव्य पुतळा उभा राहिला, तेव्हापासून तर बाहेरगावची मंडळीही आवर्जून येतात. मी हा रस्ता सायकलने, एस.टी.ने, स्कूटरने केला आहे. पण गेल्या दिवाळीत तो जसा पाहिला, तसा पूर्वी कधी पाहिला नव्हता.

भाचा पुण्याहून आला तो जुनी, दोन आसनांची स्पोर्ट्स कार घेऊन. गाडी इतकी बुटकी की आत बसणे म्हणजे जेवायला पाटावर बसणे. "मामा, गडावर जाऊया," म्हणाला. निघालो.

येळ्ळूरची बासमती सर्वांना ठाऊक आहे. कापणीचे दिवस होते. काच खाली केली की भाताचा वास आत येत होता. एवढ्यात वाटेतल्या एका वस्तीजवळ गतिरोधक आला. भाच्याने गाडी अगदी हळू चढवली, तरी पोटाखालून 'खर्रर्र' असा आवाज आला. माझ्याच अंगावर काटा आला.

तो उतरला आणि चक्क रस्त्यावर पालथा पडून मोबाईलच्या उजेडात खाली पाहू लागला. इंजिनाखालचे प्लॅस्टिकचे आच्छादन एका बाजूने सुटून लोंबत होते. पण ऑईल चेंबर कोरडे होते. "मामा, प्लॅस्टिक तुटलं तर बांधून नेता येतं. चेंबर फुटलं तर गाडी तिथेच बंद करायची. तेलाचा लाल दिवा लागल्यावर 'गॅरेजपर्यंत नेऊ' म्हणालो, की इंजिन गेलंच समजा." त्याने लोंबणारा भाग तारेने आवळला.

रस्त्याच्या कडेला भात वाळत घालणारे एक आजोबा हे सारे बघत होते. म्हणाले, "पाव्हणं, सरळ कशाला चढवताय? तिरकी घाला की. बांधावरनं भरलेली गाडी काढताना आम्ही एकेक चाक चढवतो."

पुढच्या गतिरोधकावर भाच्याने तसेच केले. मागून कोणी येत नाही हे बघितले, मला खाली उतरवले, म्हणजे तेवढ्या वजनाने गाडी वर आली, आणि तिरके घेत एकेक चाक चढवले. आवाज नाही! बैलगाडीचे शहाणपण स्पोर्ट्स कारच्या कामी आले.

गडावर पोहोचलो. सिद्धेश्वराचे दर्शन घेतले, तटावर उभे राहून खालचे पिवळे शिवार पाहिले. पण भाच्याचे मन लागेना. "हे गतिरोधक काढूनच टाकायला हवेत," एवढेच त्याचे चालले होते.

परतताना त्याच वस्तीजवळ चहाला थांबलो. चहा देणाऱ्या आजींना त्याने तेच ऐकवले. आजी शांतपणे म्हणाल्या, "काढा की बाबा. माझ्या नातवाला मोटारसायकलीनं उडवलं, तीन महिने पाय प्लॅस्टरात हुता. त्यानंतर झालाय ह्यो." भाचा काहीच बोलला नाही. चहा तसाच हातात धरून बसला.

मग तो उठला, डिकीतून टेप काढला आणि गतिरोधक मोजला. उंची 17 सें.मी., रुंदी जेमतेम 60. गाडीचे पोट जमिनीपासून 12 सें.मी.वर. घासणार नाही तर काय?

घरी आल्यावर आम्ही नियम पाहिला. भारतीय रस्ते महासभेच्या 1988 च्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 10 सें.मी. उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, म्हणजे 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. त्यावरून ताशी 25 कि.मी. वेगाने वाहन नीट जावे, अलीकडे सूचनाफलक असावा, अंगावर पांढरे पट्टे असावेत. मी कागदावर गणित मांडले. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी अशा उतरत्या पाठीवर उभी राहिली, तर मधला उंचवटा चाकांच्या रेषेपेक्षा फक्त साडेचार सें.मी. वर येतो. म्हणजे 12 सें.मी.ची गाडी हळू नेली तर आरामात पार! भाच्याची गाडीही वाचते आणि आजींचा नातूही. अरुंद, उंच ढिगाऱ्याने मात्र गाडीचे पोट फाटते, दुचाकीवरची माणसे पडतात आणि रिक्षातल्या बाळंतिणीचे हाल होतात.

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या कारखान्यात गेलो. तिथे भाच्याने इंजिनाखाली बसवायला ॲल्युमिनियमचा 3 मि.मी. जाडीचा पत्रा कापून घेतला. कारागिराने चार गोष्टी सांगितल्या. पुढची कड वर वळवायची, म्हणजे पत्रा अडकत नाही, घसरतो. बोल्टची डोकी पत्र्यात बुडवायची, नाहीतर पहिल्या घासण्यात तीच झिजतात. तेल सोडायच्या नटासमोर भोक ठेवायचे आणि हवा खेळायला फटी ठेवायच्या, नाहीतर इंजिन तापते. शेवटी हसून म्हणाला, "आणि पत्रा लावलाय म्हणून जोरात घालू नका. त्यानं गाडी आणखी थोडी खालीच येती."

भाच्याने पुण्याला निघण्यापूर्वी एक अर्ज लिहिला. मसुदा माझा, सही त्याची पहिली. मागणी गतिरोधक काढण्याची नाही. तो मोजमापाने बांधावा, पट्टे मारावेत, फलक लावावा, एवढीच. वस्तीतल्या लोकांनीही सह्या केल्या. आजींनी अंगठा उठवला आणि विचारले, "काढनार न्हाईत न्हवं?"

"नाही आजी," भाचा म्हणाला, "रुंद करणार."

अर्ज दिला आहे. तोवर राजहंसगडाला बुटक्या गाडीने जाणाऱ्यांनी सोबत्याला खाली उतरवावे, मागे बघावे आणि तिरकी घालावी.